पालथ्या परातीखालचं ओलं गवत

राहू गावात आम्ही गवत पिकवतो असं सांगितलं की नवा माणूस हमखास विचारतो, "म्हंजी घास? जनावरांसाठी?"

जनावरांसाठी नव्हे, माणसांसाठी. मंगल कार्यालयांच्या लॉनवर, बंगल्यांपुढं, कंपन्यांच्या गेटाशी जे हिरवंगार गवत एका दिवसात अंथरलेलं दिसतं, ते आधी कुठंतरी कुणीतरी वाढवलेलं असतं. लाल मातीवर ते दाट येऊ द्यायचं, सारखं कापत राहायचं, म्हणजे त्याची सतरंजी होते. मग चौकोनी तुकडे काढून टेम्पोत भरायचे. आमच्या चारी बाजूंना ऊस आहे आणि मधे ही सतरंजी.

हे काम मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी बघतो. आमचे हे सणसवाडीकडं प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात आहेत, दीरही तिकडंच. माझं माहेर निमोण्याचं. तिथं लग्नाआधी मी ट्रॅक्टर चालवत असे, त्यामुळं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र दारात आलं तेव्हा ते चालवणार कोण, असा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही. मी चढले आणि किल्ली फिरवली.

यंत्र जुनं होतं, एका कंपनीच्या बागेतून निघालेलं. दिसायला लहान ट्रॅक्टरसारखं. बसायला सीट, पुढं इंजिन आणि पोटाखाली लोखंडाची रुंद टोपी. त्या टोपीत पाती गरगर फिरतात, गवत कापतात आणि बाजूच्या तोंडातून बाहेर फेकतात. कंपनीच्या माळ्यानं तिची डेक म्हणून ओळख करून दिली होती. आम्ही तिला परात म्हणतो. कणीक मळायची परात पालथी घातल्यावर दिसते तशीच ती दिसते.

घरात शब्द चालायचा तो सासऱ्यांचा, आप्पांचा. सोसायटीवर कैक वर्षं संचालक राहिलेला माणूस. त्यांचा एक नियम होता: दिवस उगवायच्या आत माणूस शेतात पाहिजे. ऊन चढल्यावर शेताकडं निघणाऱ्याला ते "आला बघा कलेक्टर" म्हणायचे. त्यामुळं गवत कापणंसुद्धा उजाडताच सुरू व्हायचं. नदी जवळ, थंडीचे दिवस, गवतावर दहिवर इतकं की दोन पावलांत पाय घोट्यापर्यंत भिजायचे. पण कापून झाल्यावर रान सुरेख दिसायचं. आम्हाला वाटायचं, जमलं.

मग भांडगावहून एक गिऱ्हाईक आलं. हायवेला त्यांचं लग्नाचं लॉन आहे. जुनं गवत काढून नवं टाकायचं होतं. ते मालक आमच्या वाफ्यात फिरले, चपला काढून फिरले, आणि एका जागी थांबले.

"वहिनी, हे काय? देवी आल्यागत दिसतंय."

मी वाकून पाहिलं. हिरव्यात पिवळे ठिपके होते, तळहाताएवढे. एकदा दिसले आणि मग सगळीकडं दिसायला लागले. मालक वाईट बोलले नाहीत. "ह्यो तुकडा ऱ्हाऊ द्या. ह्ये नीट झालं की पुन्यांदा बोलवा, मी येतो," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

जाऊ म्हणाली, "ताई, रोग पडला का काय? औषध मारायचं का?"

मी ठिपक्यावर बोट फिरवलं. वर वाळलेल्या गवताचा पापुद्रा होता, पोळीचा करपलेला पापुद्रा निघावा तसा तो निघाला. खालचं गवत जिवंत होतं, नुसतं उजेडाविना पिवळं पडलेलं. म्हणजे रोग बिग काही नव्हता. वरून काहीतरी पडत होतं आणि गवताचा श्वास कोंडत होता. आणि वरून जाणारं यंत्र एकच होतं.

त्याच दुपारी आम्ही यंत्राची पुढची चाकं फळ्यांवरून वर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, किल्ली काढली, प्लगची वायर सोडली. मी पालथं पडून परातीच्या आत पाहिलं. लोखंड कुठं दिसतच नव्हतं. आतून सगळीकडं गवताचा लगदा बसला होता. भिंत लिंपावी तसा, थरावर थर, वर हिरवा आणि आत काळा. वास मुरघासाचा, आंबवलेल्या चाऱ्याचा. बाजूचं तोंड तर जवळजवळ बुजलेलं.

खुरप्यानं तो थर काढता काढता मला सगळं समजत गेलं. पाती नुसती कापत नाहीत, ती वाराही उचलतात. त्या वाऱ्यावर गवत वर उडतं, परातीत फिरतं आणि तोंडातून बाहेर जातं. गवत ओलं असलं की ते उडायच्या ऐवजी छताला चिकटतं. एक थर बसला की त्यावर दुसरा बसायला वेळ लागत नाही. वाऱ्याची जागा संपते. मग तो गोळा आपल्या वजनानं खाली पडतो, आणि जिथं पडला तिथं ठिपका. मी उठून बसले तेव्हा केसांत, कानांत, गळ्यात सगळीकडं लगदा होता, आणि जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं. कारण सापडलं होतं, त्यामुळं मन एकदम हलकं झालं होतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जळकं ऑईल लाव आतनं. कशाला चिकटतंय."

लावलं. गवत कमी चिकटलं हे खरं, पण ऑईल थेंबाथेंबानं खाली गळलं आणि वाफ्यात तांबूस डाग पडले. ते डाग त्या पिवळ्या ठिपक्यांपेक्षा हट्टी निघाले. ह्यांनी ते बघितले आणि स्वतःच म्हणाले, "थांब. आमच्याकडं डायला, म्हंजी साच्याला, पार्ट चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारतात. गळत न्हाई त्यो. तसला बघू."

शिक्रापूरच्या दुकानातून त्यांनी तो डबा विकत आणला. आधी परात घासून घासून लोखंड उघडं केलं. गंज काढला, गुळगुळीत रंग दिला, तो नीट वाळू दिला आणि मग स्प्रे. फरक पडला, पण काही कापण्यांपुरताच. दहिवरात कापलं की थर पुन्हा बसायचाच. तेव्हा माझ्या मनात गोष्ट पक्की झाली. उपाय परातीत अर्धाच होता, उरलेला घड्याळात होता.

जेवताना मी विषय काढला. "आप्पा, उद्यापासून गवत अकराच्या पुढं कापायचं. दहिवर उतरल्याबिगर मशीन रानात न्यायचं न्हाई."

आप्पांनी घास खाली ठेवला. "अकराला? अकराला शेतात जात्यात व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोकांना आपलं गवत घ्यायचं हाय आप्पा. ते गवताकडं बघतील."

"आमी दहिवरात ऊस तोडलाय. काय झालं उसाला?"

"उसाला काय होत न्हाई. ह्याला होतंय."

ते उठून गेले. पण दुसऱ्या दिवसापासून मी अकरालाच निघू लागले. पहाटेच्या वेळात जावेबरोबर कडेच्या तुकड्यातला झेंडू तोडून घेई, तोही सकाळच्या गारव्यातच तोडलेला बरा असतो. आप्पा ओसरीवर बसून बघत, आणि मी यंत्र बाहेर काढलं की कुणालाच न उद्देशून म्हणत, "निघाल्या कलेक्टरीणबाई." मी हसून पुढं जायची. मला माझं बरोबर आहे हे ठाऊक होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाला तोंड वाजवायची गरज नसते.

आप्पांना मात्र ते सोसेना. एका सकाळी मी भाकरी थापत होते, नुकतं फटफटलं होतं. जाऊ धावत आली. "ताई, मशीन सुरू झालंय!"

किल्ली खुंटीवर असायची. पाहिलं तर खुंटी मोकळी. मी पिठाच्या हातानं तशीच पळाले.

आप्पा यंत्रावर बसून वाफ्याच्या मध्यापर्यंत गेले होते. त्यांच्या मागं हिरवे गोळे पडत होते, शेणाच्या पोसारखे. इंजिन घरघरत होतं, पाती फिरवणारा पट्टा किंचाळत होता, रबर जळल्याचा वास येत होता. मग यंत्र जागीच थांबलं. इंजिन चालू, पण पाती अडकलेली आणि गाडी पुढं जाईना. आप्पा खाली उतरले. असं यंत्र माणूस सीटवरून उठला की आपोआप बंद पडतं, पण आमच्या यंत्रातली ती सोय आधीच्या जागी कुणीतरी तार जोडून बाद करून टाकली होती. आप्पांनी बांधावरची काठी उचलली, गुडघ्यावर बसले आणि बुजलेल्या तोंडात काठी घालून लगदा ओढायला लागले. काठीनं निघेना म्हणून हात पुढं केला.

"आप्पा! हात काढा!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या घरात आल्यापासून मी आप्पांसमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. शेजारच्या उसातले मजूरसुद्धा कोयते थांबवून बघायला लागले. आप्पांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. त्याच क्षणी आत अडकलेला गोळा सुटला, पाती मोकळी झाली आणि काठीचा तुकडा उडून दूर जाऊन पडला.

मी पोचले, किल्ली फिरवून काढली आणि पदराला गाठ मारून बांधून टाकली. पाती थांबली. आप्पा उकिडवे बसून स्वतःच्या हाताकडं बघत होते. पंजा उलटा करून, सुलटा करून. मीही त्यांच्याशेजारी खाली बसले.

ते म्हणाले, "तू वरडली नसतीस तर..." आणि थांबले.

"वरडले ना आप्पा. झालं."

"मला वाटलं, तुलाच दहिवर सोसत न्हाई म्हून तू येळ बदलती. मशिनीलाच सोसत न्हाई व्हय ह्ये."

"मशिनीला न्हाई आन् गवतालाबी न्हाई. बघा की आतनं."

जाऊ फळ्या घेऊन आली. आम्ही तिघांनी मिळून यंत्र वर चढवलं. आप्पा त्या वयात पालथे पडले आणि त्यांनी परात आतून पाहिली. मी त्यांच्या हातात लाकडाची चपटी पट्टी दिली. लोखंडी खुरप्यानं रंग खरवडला जातो, हे तोवर कळलं होतं. त्यांनी तो थर असा निगुतीनं काढला, जणू गाईच्या अंगावरची गोचीड काढताहेत. वाफ्यात पडलेले गोळे आम्ही दाताळ्यानं ओढून लगेच उचलले, त्यामुळं ठिपके पडले नाहीत. नवा पट्टा टाकावा लागला. आणि त्याच आठवड्यात शिरूरहून मिस्त्री बोलावून मी सीटखालची ती तार पहिल्यासारखी जोडून घेतली. आता कुणीही उठलं की इंजिन गप.

घराचं वेळापत्रक त्यानंतर बदललं ते कायमचं. पंपाची लाइट रात्रीची असली की स्प्रिंकलर रात्रीच चालतात, त्या दिवसांत मी गवताला दुपारनंतरच हात लावते. आधी तळवा फिरवून बघते. तळवा कोरडा राहिला तर निघायचं. गवत जास्त वाढलं असेल तर पहिल्यांदा परात उंच ठेवून नुसते शेंडे घ्यायचे, मग दुसऱ्या दिवशी खाली. एका फेरीत कापायची रुंदी अर्धीच धरायची. रेस पूर्ण ठेवायची, म्हणजे वारा जोरात राहतो, पण गाडी मात्र बैलाच्या चालीनं. पात्यांना धार असलीच पाहिजे. बोथट पातं गवत चेचतं, आणि चेचलेलं गवत आधी चिकटतं. काम संपलं की किल्ली काढून लगेच परात साफ करायची, थर ओला असतो तोवरच. दुसऱ्या दिवशी तो सिमेंट झालेला असतो. धुतली तर थोडा वेळ पाती मोकळीच फिरवून वाळवायची, नाहीतर गंज धरतो. हे सगळं आता जावेलाही तोंडपाठ आहे आणि यंत्र तीही चालवते, माझ्यापेक्षा सरळ ओळी काढते.

भांडगावचे मालक पुन्हा आले. त्यांनी पुन्हा चपला काढल्या, पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, आणि या वेळी कुठंच थांबले नाहीत. "कवा पाठवता?" एवढंच विचारलं. आप्पा सोबत होते. माझ्या आधी तेच बोलले, "सकाळी भरायला येऊ नका. आमच्याकडं गवत ऊन पडल्यावर हलतं."

यंदाच्या पावसाळ्यात सलग झड लागली होती. पुण्याकडच्या एका बागवाल्याचा फोन आला. त्याला घाईनं गवत हवं होतं, आणि कापून, एकसारखं करून हवं होतं. मी म्हटलं, उघडीप मिळाल्याशिवाय कापणार नाही. तो म्हणाला, दुसरीकडून घेतो. मी म्हटलं, जरूर घ्या, फक्त आतून पिवळं आहे का ते बघून घ्या. फोन ठेवला, छपराखाली जाऊन पात्यांना धार लावायला बसले. जावेनं चहा आणला. बाहेर पाऊस पडत होता आणि गवत बोटबोट वाढत होतं. ते वाढलं तर वाढू दे. उंच कसं कापायचं, ते मला येतं.