मिक्सिंगचा कॉम्प्युटर आणि दाजींचा गेम

दाजींचं नाव काढलं की आजही माझं तोंड कडू होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा.

भोकरदनला वडलांचा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार सालानंतर लग्नाच्या शूटिंगला बरकत आली, तशी मी औरंगाबादला राहून व्हिडिओ मिक्सिंग शिकून आले. वडलांनी कबूल केलं होतं, की कॉम्प्युटर घेऊन देतो; पहिलं काम वेळेत दिलंस तर स्टुडिओत बस, लग्नाचं मंग बघू. न्हाई जमलं, तर गुमान स्थळं बघायची.

आमच्यात कुठलीही मोठी खरेदी जावयाला विचारल्याशिवाय होत नाही. बैल असो, मोटरसायकल असो, जावई पुढं. आणि त्यानं एकदा 'हेच' म्हटलं, की दुकानदारासमोर त्याला खोटं पाडायचं नाही. चुलीत घाला असला मान.

जालन्याच्या दुकानात दोन कॉम्प्युटर मांडलेले. एकात प्रोसेसर तगडा, पण गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. दुसऱ्यात कार्ड झकास, प्रोसेसर मात्र मरतुकडा. व्हिडिओ तयार करायचा सगळा भार तेव्हा प्रोसेसरवरच पडायचा, हे मी क्लासात रोज बघितलेलं. दाजींनी गुटख्याची पुडी तोंडात रिकामी केली आणि दोन्हींवर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावायला सांगितला. हनुवटीवर लाल ओघळ, तो पुसायचा आणि त्याच बोटांनी कीबोर्ड बडवायचा. तगड्या मशीनवर मोटार अडखळली, दुसऱ्यावर सुसाट गेली.

"हेच घ्या मामा. कसं पळून राह्यलं बघा," दाजी वडलांना म्हणाले.

"दाजी, आपल्याला गेम न्हाई खेळायचा. मिक्सिंगला प्रोसेसर लागतो," मी म्हणाले.

वडलांनी माझ्याकडं डोळे वटारले. दाजी हसले.

"मेव्हणीबाई, गेम पळवतं ते लग्नाची कॅसेट न्हाई पळवणार व्हय? बिलकुल टेन्शन घेऊ नका."

दुकानदाराला सगळं कळत होतं. तरी मेला लगेच खोकं बांधायला लागला.

पहिलं काम शेजारच्या गावचं आलं. नवरी नवऱ्याबरोबर पुण्याला जायच्या आत सीडी तिच्या हातात पाहिजे होती. मी काटछाट केली, गाणी बसवली आणि फिल्म तयार व्हायला लावली. दिवसभर ते मशीन नुसतं रांगत होतं. त्यात दाजी जेवायला आले. 'बघू आपलं मशीन' म्हणत काम चालू असतानाच त्यांनी गेम लावला. मी नको नको म्हणतेय, तर आई मलाच म्हणते, "जावयाला उठवतीस का?" मशीन गोठलं ते गोठलंच. सगळं पुन्हा पहिल्यापासून. कीबोर्डवर चावलेल्या सुपारीचे कण पडले होते. ते पुसताना मला एकट्या दाजींची नाही, सगळ्या घराची शिसारी आली.

नवरी सीडीशिवाय गेली. तिच्या वडलांनी शूटिंगच्या टेप परत नेल्या, जालन्यातून करून घेतो म्हणाले.

"मशीन बराबर हाय, चालवणाऱ्याला यायला पाहिजे," असं दाजींनी सांगितलं आणि वडलांनी मान डोलावली. कॉम्प्युटर दाजींच्या पोरांना खेळायला गेला. पंधरवड्यातच माझ्यासाठी एक स्थळ आलं. पोरगा कसा आहे, हे बघून यायला वडलांनी दाजींना पाठवलं.