अडीच चमच्यांचं जेवण

माझा धाकटा भाऊ कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपी आहे. हात असा सढळ, की त्याच्या टेबलावरून अर्धपोटी उठलेला माणूस अजून जन्माला यायचाय. 'आणखी थोडं घ्या' हे तो झोपेतही म्हणतो, असं भावजय सांगते. भावजय बस चालवते. मोठी बस हं, आणि झोकात चालवते!

त्यांची लेक ठमी सहा महिन्यांची झाली आणि भावजयीची रजा संपत आली. वरच्या साहेबांनी बजावलं होतं: सोमवारी या, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो. हिची पाळी दिवसाची, भावाची संध्याकाळची. म्हणजे दुपारी लेक बापाकडे. दूध काढून ठेवता येत होतं. पण ठमी बापाच्या हातून एक घास घेईना. वाटी दिसली की भोकाड.

"ताई, मी नोकरी सोडते," भावजय फोनवर म्हणाली. हुंदके देत होती बिचारी. रविवारी दुपारी मी तडक त्यांच्या घरी पोचले.

बघते तर काय! भावापुढे काठोकाठ भरलेली मोठी वाटी. कुस्करलेला बटाटा, गाजर, भोपळा.

"कोण जेवणार आहे? तू?"

"तिच्यासाठी आहे. सगळं संपवायचंय."

"दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काय सांगितलं होतं?"

"सुरुवातीला दोन-तीन छोटे चमचे, बाकी दूधच. मग हळूहळू वाढवा." त्याने तोंड वाकडं केलं. "तीन चमच्यांत कुणाचं पोट भरतं, ताई? पोटच्या पोरीला काय चिमूटभर वाढू?"

आणि लागला भरवायला. ठमीने ओठ मिटले. याने गाणं म्हटलं, ती हसली, तेवढ्यात याने चमचा कोंबला. तिने घास थुंकला, मान फिरवली, इवल्याशा हाताने चमचा ढकलला. हा आपला दुसऱ्या बाजूने! माझं डोकंच फिरलं.

"अरे गाढवा, कँटीनमध्ये कुणी ताटावर हात आडवा धरला तर काय करतोस?"

"थांबतो."

"आणि तरी वाढलंस तर?"

"माणूस चिडतो. परत आपल्या टेबलावर येत नाही..." बोलता बोलता त्याची नजर ठमीच्या हातावर गेली. तो हात अजून चमच्यापुढेच होता. मग वाटी खाली ठेवून त्याने लेकीला छातीशी धरलं. "मला वाटलं, तिला माझा हातच आवडत नाही," म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. मलाही भरून आलं. पण मी म्हटलं, "रडू नकोस, वाटी बदल."

सोमवारी भावजय निघाली. दारातून दोनदा परत आली, शेवटी मीच तिला बाहेर ढकललं.

दुपारी भावाने एवढीशी वाटी घेतली. चमचा ठमीच्या ओठांपुढे धरला आणि नुसता थांबला. थांबणं त्याला किती जड गेलं, मी बघत होते! ठमीने चमच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग स्वतःच पुढे वाकून तोंड उघडलं. एक. दुसराही गेला. तिसरा अर्धा खाल्ला आणि मान फिरवली. भावाचा हात सवयीने पुढे निघालाच होता. त्याने तो मागे घेतला आणि उरलेला घास स्वतः खाल्ला.

तेवढ्यात फोन वाजला. डेपोतून भावजय.

"खाल्लं का रे तिने?"

"अडीच चमचे."

"बास?"

"तिला बास झालं. रडली नाही गं, एकदाही. आता दूध पिऊन खेळतेय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं, ठेवते मी," ती म्हणाली. "गाडीत लोक खोळंबलेत."