गाळलेली बातमी

लढाईच्या दिवसांत चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात मी निंबाखाली बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. तिथं अमरावतीहून एक बाई येऊ लागल्या. खेड्यात बातमी कशी पोचते, यावर त्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होत्या. भाजीवाल्या बायकांत बसून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं त्या माझं वाचन ऐकत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी वाचन संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ब्रह्मदेशात आपले शिपाई पडल्याची बातमी तुम्ही गाळली. मी ती सकाळीच वाचली होती."

मेथी विकणाऱ्या म्हातारीकडे पाहत मी म्हणालो, "तिचा पोरगा तिकडंच हाये, बाई. तिच्यासमोर कसं वाचू?"

"हे मी प्रबंधात कसं मांडू?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग उठून म्हातारीजवळ जाऊन बसल्या.

"मावशी, पोरगा लहानपणी कसा होता वो?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "लय द्वाड! झाडावरून खालीच उतरे ना."

उन्हं कलली, बाजार उठला, तरी म्हातारी सांगतच होती. अमरावतीला परतायची शेवटची मोटार धुरळा उडवत निघून गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत.