दाराला दगड लावणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका बंद दाराचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. पाटोद्याला त्यांचं घर आहे आणि त्याची दारं बारा महिने सताड उघडी असतात. कुत्री आत शिरून भाकरी पळवतात, मेहुणी कपाळावर हात मारते, आणि हे पंख्याखाली खुशाल घोरत असतात. धंदा मात्र जन्मभर बंद दारांचाच केला. दुकानांतले मोठाले फ्रीज आणि दूधसंस्थांचे दूध गार ठेवणारे कूलर दुरुस्त करण्याचा.

कामावर आले की आधी साऱ्यांना खोलीबाहेर हाकलत, मग तो चेअरमन असो की चहावाला. विडी-काडी उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला लावत, खिडक्या उघडत, दाराला दगड लावत, आणि समोर रिकामी खोली दिसत असली तरी आत वाकून ओरडत, "आत कोन हाय का?" मग दाढीच्या ब्रशनं नळ्यांवर साबणाचा फेस चोपडून बुडबुडा कुठं येतो ते बघत बसत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या सिलिंडरलाही फेस लावला होता, आणि जिलेबी येईतो वऱ्हाडी मठ्ठ्यावर आले होते. दिंद्रुडच्या दूधसंस्थेचे चेअरमन एकदा म्हणाले, गळती राहू द्या, नुसता गॅस भरून द्या. साडू भडकले. "फुटक्या घागरीत पानी भरता का तुमी?"

कूलरच्या नळ्यांतल्या त्या गॅसला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो फरशीला धरून साचतो आणि माणसाचा श्वास गुपचूप काढून घेतो. साडूंचे उस्ताद एका शीतखोलीत असेच गेले, एवढं मेहुणीकडून कळलं होतं. साडू स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत.

पुढं दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, माणसं ऊसतोडीला गेली, आणि दिंद्रुडच्या संस्थेत दुधाचे कॅन उपडे पडले. कूलर भंगारात काढल्याचं कळताच साडू मला मोटारसायकलवर घालून निघाले. गॅस आत असताना कुणी नळी कापली तर त्या कोंदट खोलीत माणूस मरेल, ही त्यांना धास्ती. भंगारवाला कटर घेऊन उभाच होता.

"सोडून द्या की मामा हवेत. कावून येळ घालवता?"

"त्या हवेत तूच उभा हाईस बे. भाईर हो!"

मग सगळं रीतसर झालं. गॅस यंत्रानं ओढून रिकाम्या टाकीत भरला. ज्या कूलरला इतकी वर्षं जगवलं, त्याच्या नळ्या ते आपल्याच हातानं कोरड्या करत होते. मला फार वाईट वाटत होतं. बाहेरून उन्हाची झळ येत होती, म्हणून मी दगड सरकवला आणि दार ओढलं.

"साडू, दार नका लावू!" ते असे ओरडले की भंगारवालाही दचकला.

थोड्या वेळानं कूलरला टेकून ते हळूच म्हणाले, "उस्ताद दुपारचे फरशीवर लवंडले व्हते. लई दमले व्हते. मला वाटलं, झोपू द्यावं. झळ लागू नये म्हनून दार मीच वढून घेतलं."

 मी दार उघडलं आणि दगड पुन्हा होता तिथं लावला.

आता ते आमच्याकडे मुक्कामाला आले की दारं मीच उघडी ठेवतो. कुत्रं आलं तर येऊ दे.