पिंगवाल्या बाई

‘नेटवर्क गेलं’ असं बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून बोललंच तर बाई खुर्ची वळवून त्याच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, “गेलं? कुठी गेलं? तुमसरच्या बजारात गेलं का?” समोरचा पुरेसा ओशाळला की आवाज जरा मऊ व्हायचा. “नेटवर्क जात नाई रे बाबा. ते कुठी तरी अडून राह्यते. कुठी अडलं, ते पाह्यलं का तू?” अर्थातच त्याने पाहिलेलं नसायचं. मग तो निमूटपणे आपल्या जागेवर जाऊन शोधायला लागायचा.

मी त्यांना बाई म्हणते, कारण मोहाडीच्या काँप्युटर क्लासमध्ये त्यांनी मला शिकवलं. पुढे क्लास बंद पडला आणि बाई भंडाऱ्यात एका पुण्याच्या कंपनीच्या छोट्याशा ऑफिसात लागल्या. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही सहा-सात जण. मलाही त्यांनीच शब्द टाकून तिथे लावून घेतलं. ऑफिसातली मुलं त्यांना पाठीमागे ‘पिंगवाल्या बाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

नावाला कारणही तसंच होतं. कसलीही तक्रार आली तरी बाई सुरुवात पिंगपासूनच, म्हणजे एका काँप्युटरवरून दुसऱ्याला हाक देऊन, करायच्या. क्लासमध्ये आम्हाला त्यांनी पिंग असं शिकवलं होतं: “अंगणात उभं राहून शेजारणीले हाक मारली, तिनं ओ देली, म्हंजे वाट मोकळी हाय. ओ नाई आली तं लगेच तिच्या नावानं बोंबलू नका. आधी पाहा, आपलाच आवाज बाहेर निघून राह्यला का.” म्हणून पहिली हाक स्वतःच्या यंत्राला, मग दाराशी, म्हणजे राउटरला, मग दाराबाहेर. घाईत असलेला माणूस एकदम बाहेरच धावतो आणि तासभर नको तिथे खणत बसतो, हे त्या हसत सांगायच्या. मीही तशीच धावायचे.

दुसरी त्यांची सवय पाहून नवखा माणूस हसायचा. एक बदल केला की बाई दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या आणि निकाल दिसेपर्यंत शाळेतल्या मुलीसारख्या बसून राहायच्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने जमलं ते कळत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते पाळायला जो धीर लागतो तो आमच्यात कुणाकडेच नव्हता. घाई करणाऱ्याला त्या म्हणायच्या, “हात आवर. ते काम करून राह्यलं ना, करू दे त्याले.”

बाईंचं सासर मोहाडीचं, विणकरांचं. घरातले माग कधीच थांबले होते. नवरा कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करायचा. माहेर गोंदियाकडलं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सासू म्हणाली होती, “आता तं तू परजिल्ह्यातली झाली वो बाई, आता तुले जपूनच बोला लागंन.” हा किस्सा बाई दरवेळी नव्याने हसत सांगायच्या. घरात नियमित पगार येणारं माणूस त्या एकट्याच होत्या. ते मात्र त्या कधी बोलून दाखवत नसत.

ऑफिसचं मुख्य काम परीक्षांचं. ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्यांना आमची कंपनी व्हीएम पुरवायची. व्हीएम म्हणजे पुण्याच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात मांडलेले लहान लहान काँप्युटर, ज्यांना हात लावता येत नाही असे. परीक्षेच्या दिवशी पहाटे ते आपोआप तयार व्हायचे आणि संध्याकाळी आपोआप मोडायचे. सगळे एकाच साच्यातून निघायचे. तो साचा पुण्याच्या साहेबांनी स्वतः बनवलेला होता आणि ‘माणसाचा हात न लागता’ हे शब्द ते प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा तरी उच्चारायचे. आमच्याकडे फक्त लक्ष ठेवायचं काम होतं; मी परीक्षा केंद्रांचे फोन घ्यायचे आणि बाई यंत्रं पाहायच्या.

काही यंत्रं मात्र केंद्रांशी लागायची आणि मध्येच तुटायची. आता आहे, आता नाही. पुणं म्हणायचं, भंडाऱ्याची लाइनच तशी. बाईंना ते पटेना. एका सकाळी त्यांनी असल्या एका यंत्राला पिंग लावून ठेवलं आणि ते यंत्र चक्क बंद केलं. हात मांडीवर. आम्ही मागे उभे. यंत्र बंद, तरी उत्तरं येतच होती! बाई हळूच म्हणाल्या, “हे तं बंद हाय. मंग ओ कोण देऊन राह्यलं?” शोधलं तर त्याच पत्त्यावर दुसरंही एक यंत्र राहत होतं. साचा बनवताना मूळ यंत्राची ओळख त्यातून पुसायची राहिली होती. त्यामुळे त्यातून निघालेलं प्रत्येक पिल्लू तीच ओळख सांगायचं आणि पत्ते वाटणारा सर्व्हर त्या सगळ्यांना एकच समजून तोच पत्ता द्यायचा. त्या दिवशी बाईंनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना समोसे खिलवले.

त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. मी शेजारच्याच खुर्चीत होते. साहेब म्हणाले, “छान. पण मेलबिल नका करू, कस्टमर सगळं वाचतो. मी बघतो.” साच्याला हात लावायचा अधिकार एकट्या साहेबांचा. त्यांनी काहीच बघितलं नाही. बाईंनी पुन्हा पुन्हा आठवण करून दिली, तेव्हा एकदा वैतागून म्हणाले, “तुमच्या लेव्हलला सांभाळा ना हो थोडं.” स्वतःच्या साच्यात खोट आहे हे मान्य करायची त्यांना लाज वाटत होती. बाकी कारण मला आजही दिसत नाही.

मग बाईंनी ते सांभाळलं. परीक्षेच्या दिवशी त्या तुमसरहून येणारी पहिली एसटी मोहाडीला पकडून उजाडायच्या आत ऑफिसात हजर व्हायच्या. चार ओळींची एक आज्ञावली त्यांनी लिहून ठेवली होती. ती चालवून प्रत्येक यंत्राची जुनी ओळख पुसायची, नवी द्यायची, ते पुन्हा चालू करायचं आणि पिंग करून खात्री करायची. पोरं केंद्रावर पोचेपर्यंत सगळं सुरळीत. या कामाची नोंद कुठे नव्हती, कारण नोंद फक्त बिघाडाची व्हायची आणि बिघाड तर बाई होऊच देत नव्हत्या.

मी त्यांच्याशी भांडले. “बाई, एकदा पडू द्या. पडल्याबिगर त्या सायबाले समजणार नाई.”

“पडू देऊ? अन् सेंटरवर पोट्टे बसून राहतीन, त्याईचं काय? सालभर अभ्यास केला त्याईनं. तो साचा त्याईनं बनवला का?”

“तुमी तरी बनवला का?”

“मी नाई बनवला. पण मले तो दुरुस्त करता येते ना,” बाई म्हणाल्या आणि डबा उघडला. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

वर्ष सरताना साहेबांनी हिशेब मांडला. भंडाऱ्याहून बिघाडाची एकही नोंद नाही, सगळं आपोआप चालतंय, तर ही बाई तिथे कशाला? नोकरी संपल्याचं बाईंना फोनवरच सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहून कसंनुसं हसल्या. “सायब म्हणते, तुमच्याकडं काई बिघडतच नाई, मंग तुमी दिवसभर करता काय?” जाण्याआधी त्यांनी साहेबांना साच्याचं पुन्हा बजावलं. साहेबांनी “हो हो” म्हटलं आणि त्या गेल्या त्याच दिवशी त्यांचं खातं पुसून टाकलं. त्या खात्याबरोबर त्या चार ओळीही गेल्या.

पुढच्याच परीक्षेला सकाळी माझे फोन वाजायला लागले. गोंदिया, साकोली, पवनी, सगळीकडे तेच. यंत्रं लागत होती आणि तुटत होती. पुणं हादरलं. शेवटी साहेबच मला म्हणाले, “त्यांना फोन लावा.” मी लावला. बाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. “पोट्टे आले का आत?” एवढंच विचारलं. आले म्हटल्यावर त्यांनी एकेक अक्षर उच्चारून मला आज्ञा सांगितली. साहेबांनी तिथल्या तिथे मला अधिकार दिले होते. मागे बाईंच्या घरातली भांडी वाजत होती, सासू कुणाला तरी ओरडत होती आणि बाई शांतपणे म्हणत होत्या, “आता हात काढ. थांब. पाह्य, आली का ओ?” आली. परीक्षा उशिरा सुरू झाली, पण झाली.

कस्टमरने जाब विचारला. त्यावर साहेबांनी जे केलं त्याला मराठीत नीचपणा म्हणतात. ते म्हणाले, घरी बसून, स्क्रीन न पाहता, या बाईंना बिघाड नेमका कसा कळला? म्हणजे जाताना त्याच काहीतरी करून गेल्या असणार! मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं की बाईंनी वर्षभर आधी तुम्हाला फोनवर हेच सांगितलं होतं, मी शेजारी बसले होते. साहेब गोड हसले. “तुम्ही त्यांच्याच विद्यार्थिनी ना?” त्याच आठवड्यात साचा गुपचूप दुरुस्त झाला. बाईंना अनुभवाचं पत्र मिळालं नाही. नागपूरच्या एका कंपनीने त्यांना जवळजवळ घेतलं होतं. तिने पुण्याला चौकशी केली आणि मग बाईंचे फोन घेणं बंद केलं. मी नोकरी सोडली. साहेब आता आणखी मोठे साहेब झालेत.

गेल्या दिवाळीत मी बाईंकडे गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. नवऱ्याबरोबर आता त्याही बाजार करतात, कधी एकोडीपर्यंतही जातात, असं सांगत होत्या. तब्येतीने बऱ्या दिसल्या. कंपनीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. तेवढ्यात शेजारीण मोबाइल घेऊन आली. तिचा मुलगा बाहेरगावी असतो.

“ताई, पोराले फोन लागून नाई राह्यला. ते वायफायचं काईतरी झालं. पाहून देता का जरा?”

बाईंनी सुपातून मान वर केली नाही. “मले नाई समजत वो त्यातलं,” त्या म्हणाल्या.

शेजारीण परत फिरली. मला राहवेना. मी उठून तिच्या मागे तिच्या घरी गेले, थोडी खटपट केली आणि तिच्या पोराला फोन लावून दिला. परत आले तेव्हा बाईंचे तांदूळ निवडून झाले होते आणि चहा ठेवलेला होता. काय झालं होतं, कुठे अडलं होतं, एका शब्दानेही त्यांनी विचारलं नाही. नोकरी गेली, नाव गेलं, त्याचं दुःख मला आहेच. पण ‘कुठे अडलं’ एवढं विचारावंसंही बाईंना वाटू नये, अशी ज्याने त्यांची गत केली, त्या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.