दिपेशच्या गाडीतला नारळ

खरवईच्या दिपेशने रेस ट्रॅकसाठी आपली स्पोर्ट्स कार आतून पार सोलून काढली होती. मागची सीट, एसी, कार्पेट, सगळं बाहेर. आत एकही वस्तू सुटी नको! मेकॅनिकचा साधा पाना राहिला, तरी तो अंगावर धावून जायचा.

ट्रॅकवर पहिल्याच फेरीत, ऐन वळणावर, ब्रेकचं पेडल खाली जाईना. त्याने हँडब्रेक ओढला. गाडी गरगरत मातीत थांबली. त्याने पायाशी चाचपलं, तर हळदकुंकवाचा नारळ! सीटमागून उघड्या पत्र्यावर गडगडत आलेला. कार्पेट असतं तर अडलाही असता.

घरी आई, बनूबाई, दारातच उभी होती.

"एकवीरा आयचा नारल मीच गुपचूप ठेवलेला रं. म्हणून सुखरूप आलास."

दिपेशने ओठांवर आलेली शिवी गिळली.

"पुढच्या वेळी माझ्या हातात दे, आये. पट्ट्याने बांधून ठेवतो."