चरबीसाठी रोझरी

सोनोग्राफीत माझ्या यकृतावर एक पांढरा डाग दिसला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अख्ख्या वटार गावाला ते ठाऊक झालं. बातमी आईनेच पसरवली. तिचा हेतू वाईट नव्हता. आमच्याकडे दुखणं झाकून ठेवणं म्हणजे लोकांच्या प्रार्थनेला मुकणं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला फादरांनी एका आजारी बहिणीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. नाव घेतलं नाही, तरी सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली. येणारी प्रत्येक बाई काहीतरी घेऊन यायची, गावठी अंडी, शहाळी, उन्हात सुकवलेली गोड सुकेळी. एरवी शाळेत पोरांवर ओरडणारी मी, खुर्चीत बसून मरणाऱ्या माणसासारखी मंद हसायचे आणि सगळे पांगले की सुकेळी खायचे.

रोझरी सांगायची ती शेजारची मावशी. माहेरची वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. तिच्या नवऱ्याच्या यकृतात खरीच गाठ होती. सुई घालून तुकडा काढून तपासला होता, कॅन्सरच निघाला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांना घरी निजवून ती माझ्यासाठी गुडघे टेकायची.

डाग नेमका कसला हे कळायला एमआरआय करायचा ठरला. तेव्हा आमच्याकडे ते मशीन नव्हतं, म्हणून भावाबरोबर बोरिवलीला गेले. गळ्यातला क्रूस काढून ठेवायला लावला, तो मी भावाच्या मुठीत दिला. आत मशीन पत्र्यावर हातोडा मारल्यासारखं वाजत होतं आणि एक बाई माइकवरून सांगत होती, श्वास रोखा, आता सोडा.

नंतर डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जागा एकच, पण दोन तऱ्हांनी टिपलेली. एका चित्रात पाण्याचा आणि चरबीचा संकेत एकात एक मिळतो, दुसऱ्यात ते एकमेकांना खोडतात, म्हणून जिथे चरबी मुरलेली असते ती जागा दुसऱ्या चित्रात काळी पडते. माझा डाग काळाकुट्ट पडला होता. गाठ नाही, चरबी आहे, गोड कमी करा आणि चालायला लागा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण रिक्षात बसेपर्यंत लाजेने तो गिळून टाकला. एवढ्या प्रार्थनेने चरबी तरी वितळायला हवी होती, असं म्हणून भाऊ हसला. मी त्याच्यावर खेकसले.

आईने गावात सांगितलं, डाग गेला. मी म्हटलं, गेला नाही, आहे तिथेच आहे, फक्त चरबीचा आहे. हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे, असं तिने मला विचारलं. खरं तर मलाही ते सांगायचं नव्हतं. लोकांनी कॅन्सर समजून गुडघे झिजवले आणि निघालं काय, तर माझं खाणं! कुणी विचारलं की मी देवाची कृपा म्हणून मान खाली घालायचे. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

एका दुपारी मावशी मागच्या दाराने आली. माझा हात धरून विचारू लागली, की मी गुपचूप कुठल्या संताची नऊ दिवसांची नोव्हेना केली होती. तीच तिला नवऱ्यासाठी करायची होती. त्या हाताला खोटं सांगणं मला जमेना. दोन चित्रं, काळा डाग, सगळं सांगून टाकलं.

"मावशी, मला काही झालंच नव्हतं. नुसती चरबी होती."

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा एकदम उजळला आणि ती माझ्याजवळ सरकली.

"मंग बाय, आमच्या मानसाच्या पोटान पन चरबीच आसंल. तू त्या डाक्टरला सांग ना, यांना पन त्या मशीनीत घाला म्हनून."

ती उत्तराची वाट बघत राहिली आणि मी पोटावरचा पदर सारखा करत बसले.